विमानासाठी अंथरलेला शालू

माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटतो. लपवायला जावं तर तोंडावर दिसतंच, मग उगाच सोंग कशाला! ती पुण्यात भरपूर पगारावर आहे, त्याचा हेवा नाही. तिच्या घरातल्या गुळगुळीत फरशीचा तर अजिबात नाही, त्या फरशीवर मला धड चालताही येत नाही. हेवा एकाच गोष्टीचा आहे. ती विमान चालवायला शिकली.

शिकली ते काही आपण विमानतळावर बघतो तसलं अजस्र विमान नव्हे. दोनच माणसांचं, हलकं, छोटंसं. फोटो बघून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "रिक्षाला पंख लावल्यागत हाय की गं हे." मला बरं वाटलं होतं. पण रिक्षाला पंख लावले तरी ती उडतेच ना, आणि मी मात्र रोज स्कूटीवरून गाव ते पाटोदा आणि पाटोदा ते गाव.

मी पाटोद्यात ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर आमचा जिल्हा काढते. वर गोदावरी, गेवराईच्या अंगानं गेलेली. मधून बालाघाटाचे डोंगर. आणि आमच्याच तालुक्यातून निघून खाली अंबाजोगाईच्या बाजूला वळत जाणारी मांजरा. इतक्या वेळा काढलीय की डोळे मिटून काढीन. पण यातलं काही मी वरून पाहिलेलं नाही. विमानात म्हणून बसलेले नाही मी, कधीच. नकाशा म्हणजे वरून बघणं, असं पोरांना सांगते आणि स्वतः जन्मभर खालूनच बघते.

त्यात आणखी जळायचं कारण म्हणजे तिला नकाशा मीच शिकवला. आमचं माहेर अंबाजोगाईचं. लहानपणी या बाईला उत्तर कुठं नि दक्षिण कुठं ते कळायचं नाही. मी तिला सकाळी अंगणात उभी करायची, "सूर्याकडं तोंड कर, आता डावा हात लांब कर, ती उत्तर," आणि ती हटकून उजवा हात लांब करायची. आता तीच बाई उत्तर बघत ढगात फिरते. सांगा, माणसानं जळू नये तर काय करावं?

तर या उन्हाळ्यात, परीक्षा संपून सुट्टी लागली होती, तेव्हा तिचा फोन आला. आवाज असा, पोरगी पहिली आल्यासारखा.

"ताई, आता एकटीनं जायचंय. लांब. शिकवणारे सर बरोबर नसतात. एका धावपट्टीवरून उडायचं, नकाशा बघत ठरलेल्या गावांवरून जायचं आणि दुसऱ्या धावपट्टीवर उतरायचं. हे नीट झालं तरच पुढं लायसन."

"बरं मग?" मी म्हणाले. मुद्दामच कोरडं म्हणाले.

"लातूरकडून निघणार. अंबाजोगाईवरून पाटोद्याकडं, आणि मग बारामतीच्या बाजूला. तुझं गाव वाटेत बसवलंय मी. गावावर आले की तुझ्या घरावर पंख हलवीन, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. ते फक्त तुझ्यासाठी, ताई."

फक्त तुझ्यासाठी. हे दोन शब्द तिनं बोलायला नको होते. तोवर मी ठरवलं होतं की त्या दिवशी डोक्याला पदर गुंडाळून शेवया करत बसायचं, वर बघायचंच नाही. पण त्या दोन शब्दांनी मी विरघळले. एवढ्या मोठ्या आभाळातून कुणीतरी खाली बघावं आणि सगळी घरं सोडून म्हणावं, हे माझ्या ताईचं घर. मला ते हवं होतं. हावरटासारखं हवं होतं.

"वरून घर कळणार कसं तुला?" मी विचारलं.

"तेच सांगतेय. वरून सगळ्या गच्च्या सारख्याच दिसतात. तू गच्चीवर काहीतरी मोठं, लाल अंथर. मला फार खाली यायची परवानगी नाही, पण लाल रंग दिसेल."

मोठं आणि लाल म्हणजे माझ्याकडं एकच होतं, लग्नातला शालू. ट्रंकेतून काढला, डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून दोन दिवस सावलीत टांगला. नवरा म्हणाला, "माझ्या भावाच्या लग्नात न्हाई नेसलीस, आन विमानाला दाखवायला काढतीस?" मी म्हटलं, "विमान कौतुक तर करील." 

माझी चूक एवढीच झाली की हे सासूबाईंसमोर बोलले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांच्या पोटात काही राहत नाही. त्या गिरणीत दळण घेऊन गेल्या आणि पीठ होईपर्यंत सगळ्या गावाला कळलं की सुनेची बहीण एकटी विमान घेऊन येणार आहे आणि तिला घर कळावं म्हणून गच्चीवर लाल अंथरायचंय.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्याकडं कुणाच्याही घरी पाहुणी आली की ती त्या एका घराची राहत नाही. सगळ्या भावकीत तिला चहाला जावंच लागतं. एका घरी गेली आणि दुसरं घर चुकवलं, तर पुढं वर्षभर ऐकायला लागतं: आमच्यात कावून न्हाई आली, आमचा चहा काय कडू हाय? माझी आई आली होती तेव्हा तिनं एका दिवसात इतका चहा प्यायला की परत जाताना एसटीत तिचं पोट बिघडलं.

या रीतीचं विमानाच्या बाबतीत काय होईल हे माझ्या भूगोलाच्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी सकाळी लवकरच ती निघणार होती, कारण ऊन तापलं की छोटं विमान हवेत उड्या मारतं म्हणे. निघण्याआधी तिनं मला फोटो पाठवला. विमानाच्या आतला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिची पिशवी, आणि त्या पिशवीला पट्टा आवळून बांधलेला. खाली लिहिलं होतं, 'माझी सहप्रवासी.' मला त्या पिशवीचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? चेन तुटलेली, कापडी, भाजीची म्हणून वापरावी असली पिशवी, आणि ती मांजरा वरून बघणार!

मी शालू घेऊन गच्चीवर गेले. नीट अंथरला, चारी टोकांना विटा ठेवल्या, जरीचा पदर मध्ये आला पाहिजे म्हणून पुन्हा उचलून पुन्हा अंथरला. थोडं लांब जाऊन बघितलं. सकाळच्या उन्हात असा काही लाल दिसत होता की माझंच मन भरून आलं. मग सहज मान वर केली आणि गावाकडं बघितलं.

अगं बाई!

शेजारच्या गच्चीवर दोन लाल साड्या. त्यापलीकडं वाळायला घातलेल्या मिरच्या, काल अर्ध्या गच्चीवर होत्या त्या आज गच्चीभर पसरलेल्या. समोरच्या पत्र्याच्या घरावर लाल चादर, दगडं ठेवून. आमच्या मंडपवाल्यानं तर कहर केला होता. लग्नात नवरदेवाच्या पायाखाली घालतात ते लाल जाजम त्यानं पार गच्चीपासून अंगणापर्यंत सोडलं होतं. सगळं गाव लाल! आणि त्या लालीत माझा शालू म्हणजे कुठल्या कोपऱ्यातली चिंधी.

"हे काय चाललंय?" मी शेजारणीला ओरडून विचारलं.

ती सरपंचांची सून. नटूनथटून उभी होती, हातात फोन, शूटिंगची तयारी. "पाहुणी येतीया ना! मग आमच्यावरून पण जाऊ द्या की बाई. तुमच्याच घरी कावून?"

"अहो, ते लाल मला ओळखायला होतं!"

"मग आमाला बी ओळखू द्या की तिला," ती म्हणाली. तिला यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यात एक गोष्ट माझ्या नावानं येणार होती, आणि तीही सगळ्या भावकीला कपकप वाटायची! वर आत्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन जिना चढून आल्या.

"हे कशाला आता?" मी खेकसले.

"ओवाळून टाकाया. पाहुणी खालून येऊ दे न्हाईतर वरून जाऊ दे, दृष्ट तर लागतीच. एवढी लेकीसारखी पोर एकटी आभाळात हाय."

आता हे मात्र मला झोंबलं. सतरा खड्ड्यांच्या रस्त्यावरून मी रोज स्कूटीवर येते, पावसात येते, रात पडल्यावर येते, माझ्यावरून कधी कुणी भाकरतुकडा ओवाळला नाही. मी आले की म्हणतात, दूध आणलंस का? डोळ्यात पाणी आलं, आणि रागानं आलं की कशानं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

लांबून आवाज आला. पंपाच्या मोटारीसारखा, पण वरून. गच्च्यागच्च्यांवर आरडाओरडा सुरू झाला. "आलं, आलं! तिकडं बघ, डोंगरावरून!"

मी विटा पायानं उडवल्या. शालू उचलला, घडीबिडी काही नाही, नुसता गोळा करून काखेत मारला.

"अगं, काय करतीस? आलं की ते!" आत्या म्हणाल्या.

"असू दे. सगळ्या गावाचं विमान हाय, गावानंच बघावं," असं म्हणून मी तरातरा जिना उतरायला लागले.

आमचा जिना आतून आहे, वर स्लॅब. मी मधल्या वळणावर होते तेव्हा आवाज डोक्यावर आला. भिंती थरथरल्यासारखं वाटलं. वर आत्या काहीतरी मोठ्यानं म्हणाल्या, सगळं गाव एकदम ओरडलं, शिट्ट्या झाल्या. माझा एक पाय वरच्या पायरीकडं वळला होता, खरं सांगते. पण मी तो परत घेतला. आवाज पुढं गेला, बारीक झाला, संपला.

नंतर गावभर तेच. मंडपवाला म्हणे, आमच्या जाजमावर पंख हलवले. सरपंचांची सून म्हणे, नाही हो, आमच्यावर, शूटिंग केलंय, पण शूटिंगमध्ये तिचाच अंगठा आला होता. आत्या म्हणे, "आपल्या टाकीवर वाकलं बघ ते, आदी ह्या अंगाला, मग त्या अंगाला." मी म्हटलं, "सगळ्यांना तसंच वाटतंय, आत्या." आणि शेवया घेऊन बसले.

दुपार व्हायच्या आत तिचा फोन आला. स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर टाकून मी परात पुसत होते. आत्या लसूण सोलत होत्या.

"ताई, उतरले! नीट उतरले! सर म्हणाले, झालं तुझं!" ती रडत होती की हसत होती कळेना. "आणि मांजरा दिसली गं. तू फळ्यावर काढतेस ना, अगदी तश्शी. तो वाकडा कोपरासुद्धा."

"हो का," मी म्हणाले. त्या कोपऱ्यापाशी माझा खडू नेहमी मोडतो.

"पण तुमच्या गावावर आले आणि घाबरलेच. सगळं लालच लाल! म्हटलं, आता ताईचं घर कुठलं? पुढं निघून जावं तर तुला वाटेल विसरली. आणि मग दिसलं. एवढ्या लाल गावात एकच गच्ची रिकामी, नुसती टाकी. म्हटलं, हेच. दुसऱ्यांनी अंथरलं म्हणून आमच्या बाईनं आपलं उचललं असणार!" ती खळखळून हसली. "मग तिथंच हलवले पंख, दोन्हीकडं. टाकीपाशी कुणीतरी हात वर केला होता, तूच ना? दिसले ना ताई पंख?"

लसूण सोलायचा थांबवून आत्या माझ्याकडं बघायला लागल्या. शालू अजून तसाच, गोळा होऊन, खुर्चीवर पडला होता.

"दिसले की," मी म्हणाले.

"कसे दिसत होते खालून?"

मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी हळूच हात उचलला, तळवा पालथा धरला, आधी एका अंगाला वाकवला आणि मग दुसऱ्या.

"आधी ह्या अंगाला," मी म्हणाले, "आणि मग त्या."