चौदाव्या गणातले मैनुद्दीनचाचा

मैनुद्दीनचाचा कल्हईला बसण्याआधी कथलाची कांडी कानाशी धरत आणि दोन्ही हातांनी हळूच वाकवत. आतून बारीकशी करकर ऐकू आली की समाधानाने मान हलवत आणि म्हणत, "रडतंय. अस्सल हाय." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. वाकवलेलं कथील आवाज करतं हे पुस्तकात वाचलं होतं, पण पंधरा वर्षांच्या नोकरीत एकदाही ऐकलं नव्हतं. चाचांनी कांडी माझ्या कानाशी आणून वाकवली. माझा चेहरा पाहून म्हणाले, "मग सर, पगार कशाचा घेता?"

त्यानंतर कॉलेजातून येताना मी त्यांच्या भट्टीपाशी थांबायला लागलो. सोलापूरच्या मे महिन्यात विस्तवाजवळ बसायची हौस कुणाला नसते, पण चाचांची जीभ ऐकण्यासारखी होती. बाजाराच्या दिवशी ते एसटीने बार्शी-वैरागला जात. कंडक्टर कोळशाच्या पोत्यावरून वाद घालू लागला की हे गंभीरपणे सांगत, हा माझा मेहुणा आहे, अंगाने काळा आहे पण स्वभावाने तापट नाही, पेटवल्याशिवाय पेटत नाही. कंडक्टर हसायचा आणि पोतं गाडीत चढायचं.

एके दिवशी बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की चाचांसमोर आवर्तसारणीचा चौदावा गण मांडून ठेवलेला आहे. भट्टीत कोळसा, म्हणजे कार्बन. भांडी घासायला वाळू, तिच्यात सिलिकॉन. शेजारी वडिलांच्या वेळचा, फडक्यात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर, त्यात जर्मेनियम. आणि हातात कथील. मला इतका आनंद झाला की मी तिथेच तास घेतला. वर कोळसा बघा, पक्का अधातू, हातोडा मारला की चुरा होतो, वाकणार नाही. गणात खाली खाली या, धातूपणा वाढत जातो. मधले दोघे ना धड इकडचे ना धड तिकडचे, विजेला वाट द्यावी की नाही हे त्यांचं ठरत नाही. कथील हा पुरता धातू, आणि तळाचं शिसं तर नखानेसुद्धा दबतं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिसं बी ह्याच घरातलं म्हणा की?"

मी म्हटलं, अगदी कथलाचा पाठचा भाऊ.

"दिसतोय बी तसाच. पर मी त्येला भट्टीजवळ येऊ देत न्हाय. माणसाच्या पोटात जातंय हे."

ते सहज बोलून गेले, पण पुढे तेच अंगाशी आलं. आमच्या गल्लीत अप्पा नावाचे केटरर आहेत. लिंगायत, तोंडाने फटकळ, आणि लग्नाची मोठी पितळी पातेली अजून वापरणारे. एका लग्नात त्यांची कढी कळकली, तोंडात धरवेना. पंगतीतच अप्पांनी जाहीर केलं की मैनूने कथलात शिसं मिसळलंय. झालं, बाकीच्या केटररांनीही आपापली पातेली परत नेली. चाचा माझ्याकडे आले. त्या दिवशी त्यांनी एकही चेष्टा केली नाही, तेव्हाच मला काळजी वाटली. म्हणाले, "काम गेलं तर जाऊ दे. बापाचं नाव बुडतंय, सर."

मी अप्पांना आणि चाचांना प्रयोगशाळेत बोलावलं. बारावीची तीस पोरं भोवती उभी. चाचांचं कथील एका परीक्षानळीत, आमच्याकडचं शिसं दुसऱ्या नळीत, दोन्ही आम्लात विरघळवलं आणि वर सौम्य गंधकाम्ल टाकलं. शिशाच्या नळीत दुधासारखा साका खाली बसला. कथलाची नळी स्वच्छ राहिली. मी विजयी मुद्रेने अप्पांकडे पाहिलं.

"इल्ला, इल्ला," अप्पा कानडीत नन्नाचा पाढा लावून चाचांना म्हणाले. "नळीत काय घातलं कुणाला ठावं. सर तुझ्याच बाजूचे हायत."

पोरं माझ्याकडे बघून खुदुखुदू हसली. चाचा पुढे झाले. त्यांनी शिशाची पट्टी अप्पांच्या हातात दिली आणि कानाशी वाकवायला सांगितली. पट्टी गुमान वाकली. मग आपली कांडी दिली. अप्पांनी वाकवली, दचकले, पुन्हा वाकवली.

"हे आतून वरडतंय की रे."

"रडतंय. भाऊ खोटा निगाला तर रडायचंच की," चाचा म्हणाले. "आता सांगा अप्पा, पातेलं घासलं कशानं?"

 स्टीलसारखं चकचकीत व्हावं म्हणून त्यांच्या माणसांनी तारेच्या घासणीने कल्हईच खरवडून काढली होती, आणि आंबट कढी उघड्या पितळेला लागली होती. तीस पोरांसमोर अप्पांना ते कबूल करावं लागलं. पातेली परत आली, इतरांचीही आली. मजुरी चाचांनी नेहमीचीच घेतली, अट मात्र एक घातली. त्या दिवशी भाता अप्पांनी मारायचा. धोतर सावरून भाता ओढणारे अप्पा बघायला आख्खी गल्ली जमली होती, आणि चाचा नवसागर टाकत शांतपणे सांगत होते, "जरा जोरात अप्पा, कढी कळकंल."

पुढे दर मोसमात अप्पा शिव्या घालत भात्याला बसायचे. कुणी सांगायची गरज राहिली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. ती कांडी त्यांनी मला आधीच देऊन ठेवली होती, पोरांना निदान एक गोष्ट खरी शिकवा म्हणून. चौदावा गण आला की ती वर्गात हातोहात फिरते. मला त्यांची फार आठवण येते, आणि टोमणा मारायला कुणी नसल्यामुळे तास नीट झाला की नाही हेही कळत नाही.

परवा अप्पा कॉलेजात आले. कांडी आहे का, एवढंच विचारलं. मी दिली. त्यांनी ती कानाशी धरून वाकवली, सरळ केली, परत वाकवली. तुटेल म्हणून मी हात पुढे केला.

"थांबा की," ते म्हणाले. "आता भात्याला बसवणारं कोण ऱ्हायलंय मला?"

अप्पांचे डोळे भरून वाहायला लागले. चाचा असते तर कांडीला द्यायचे तोच निकाल त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकला असता.