आत्याच्या बरणीतली अश्वगंधा

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आत्या सोनाळ्याहून माझ्या प्रयोगशाळेत आली. मी चिखलीला औषधी वनस्पतींची शुद्धता तपासते. शेजारच्या खोलीत, लकवा ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या येतो, त्यांच्या रक्तातल्या जनुकांचा अभ्यास चालतो. आमच्याकडे आधी आजोबा, मग बाबा. म्हणून रक्त द्यायला आत्याला मीच बोलावलं होतं.

खामगावला गाडी बदलून ती पोचली. रक्त दिलं, कापूस दाबून थोडी बसली आणि पिशवीतून काचेची बरणी काढली. तळाशी दोन बोटं भुकटी होती.

"हे दादाले देत होती मी," ती म्हणाली. "अश्वगंधा. मीच खणली, मीच कुटली. तिसऱ्या महिन्यात दादा पडला. यात भलतं मूळ तर नाई गेलं ना पोरी? पाहून दे मले."

इतके दिवस तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी भुकटीचा अर्क काढला. पांढऱ्या पट्टीवर त्याचा ठिपका दिला, शेजारी आमच्याकडच्या खात्रीच्या मुळाचा, आणि पट्टी द्रावणात उभी केली. ओल वर चढू लागली, इतकी सावकाश की चढताना दिसेचना. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. मला बाबा दिसत राहिले, पाटाच्या पाण्याबरोबर वांग्याच्या वाफ्याकडेनं चालणारे, पाण्याहून जराही पुढे न जाणारे.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या मॅडमनी आम्हा दोघींना हाक मारली. आत्याच्या रक्ताच्या नळीवर नाव नव्हतं, नुसता आकडा. त्यांनी थंड अल्कोहोल ओतलं आणि नळीत जनुकांचा पांढरा, धुरासारखा धागा तरंगू लागला.

"हे मायं?" आत्यानं विचारलं.

"हाव, तुह्याच रक्तातलं."

"सरकीवरून कापूस सुटते तसं दिसते." तिनं नळी उजेडात धरली. "यात दादा बी असन?"

"थोडे बाबा, थोडे आजोबा."

"अन् लकवा?"

"ते एका नळीत नाई कळत आत्या. लय घरांचं रक्त जमा झाल्यावर काही समजलं तर समजते."

तिनं नळी जपून मॅडमच्या हातात परत दिली.

परतलो तेव्हा ओल वर पोचली होती. पट्टी वाळवून तिच्यावर रसायन फवारलं, तापवली. हळूहळू जांभळे, तपकिरी पट्टे उमटले. दोन्हीकडे सारखे, एकाच उंचीवर.

"तुही भुकटी चोख हाये, आत्या."

तिनं पदर तोंडाला लावला. ती रडू लागली. मग माझंही तोंड उघडलं.

"बाबांनी बीपीच्या गोळ्या सोडल्या होत्या. बरं वाटते म्हणे. मले माहीत होतं. एकदा भांडली, मग गप्पच बसली मी."

आत्यानं वर पाहिलं. "तू बी हे घेऊन बसली होती व्हय, बाई?" तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला.

दुपारी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. बीपी वाढलेलंच निघालं. आता ती गोळी घेते आणि घेतली की मला फोन करते. मग आम्ही काहीबाही बोलत बसतो, कधी बाबांचं, कधी सातपुड्यावर उतरलेल्या ढगांचं.