खानावळ माझी नव्हे

नोकरी सोडून मी पनवेलला खानावळ काढली, असं मी आजवर सांगत आलो. गणपतीत सोसायटीनं सत्कार केला, तेव्हा भाषणातही तेच ठोकलं. बायको पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

खरं म्हणजे, न्हावा शेव्याला कंटेनर नेणाऱ्या ज्या कंपनीत मी कारकून होतो, ती मंदीत बंद पडली. घरी सांगायची लाज वाटली. चार महिने मी रोज डबा घेऊन निघायचो आणि वडाळे तलावावर बसायचो. इकडे कंपनीचे ड्रायव्हर अडकलेल्या पगाराची चौकशी करायला घरी यायचे. बायकोनं त्यांना जेवू घातलं. पुढे दुसरीकडे कामं मिळाल्यावर तेच ड्रायव्हर पैसे देऊन रोज जेवायला येऊ लागले.

एकदा ताप भरला म्हणून दुपारीच परतलो, तर ओटीवर पंगत बसलेली.

"काय साहेब, आज हाफ डे?" एक ड्रायव्हर म्हणाला. सगळे हसले. बायकोनं माझं पान वाढलं.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं, तरी ती डबा भरत होती. परवा धीर करून विचारलं, "तेव्हा बोलली का नाहीस?"

"अहो, डबा संपवून आणत होतात ना? मग काय बोलायचं?"

हा टोमणा होता की माया, मला अजून उमगत नाही. खानावळ मात्र तिची आहे.