घाटमाथ्यावर कोण दमलं होतं

चंद्रा गेली त्या दुपारी मी झोपलो होतो. दीड महिना होऊन गेला, तरी हे वाक्य आधी लिहून टाकलेलं बरं. नाहीतर सवयीप्रमाणे मी त्याच्याभोवती काहीतरी गंमत रचीन. माझं जेवण झालं होतं, तिला दोन चमचे पेज गेली होती. खाटेशेजारी खुर्चीत मी पेंगत होतो. डोळे न उघडताच ती म्हणाली, "दमलाय तुमी. पडा जा जरा." "मी कशाला दमतोय," म्हणत आत गेलो आणि आडवा झालो. उठलो तेव्हा ती नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात मी दमलोय हे ती एकदाच उघड बोलली... आणि तेही मी खोडून काढलं.

चंद्रा मोशीची, इंद्रायणीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. मी नगरकडचा, एकोणीसशे पन्नासनंतर पिंपरीत कारखाने उभे राहू लागले, तेव्हा टर्नर म्हणून चिकटलेला. लेथवर सूतभर इकडंतिकडं होऊ द्यायचो नाही, बाकी आयुष्यात मात्र चुका हातभर. अशाच एका लहरीत लष्करी लिलावातून साइडकारवाली जुनी फटफटी आणि एक तंबू घेऊन आलो. चिंचवड स्टेशनाजवळ गॅरेज असलेल्या इस्माईलभाईनं ती फटफटी चालती केली आणि आमची दोस्ती झाली ती कायमची. चंद्राला समुद्र बघायचा होता. जन्म नदीकाठी गेलेला, तेव्हा एवढं पाणी शेवटी जातं कुठं, हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. मी शहाणपणानं सांगितलं, की इंद्रायणीचं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं आणि आपण निघालोय पश्चिमेच्या. "आसंना," ती म्हणाली, "समदं पाणी शेवटी येकच न्हवं का?" मे महिन्यात पंधरा दिवसांची रजा टाकली. सातारा, कराड, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी, असा बेत ठरला.

तंबूला खुंट्या नव्हत्या. चंद्रा म्हणाली, बाभळीच्या तोडून देते, गुरं बांधायला आमी त्याच करतो. टर्नरच्या बायकोनं असं बोलावं याचा मला राग आला. जेवणाच्या सुट्टीत लेथवर मी बारा लोखंडी खुंट्या काढल्या आणि एमरी कागद घासून अशा चकचकीत केल्या, की त्यांच्यात बघून भांग पाडावा. तिनं एक हातात घेऊन उलटसुलट फिरवली. "अवं, ह्ये खुटं हायेत का दागिनं?" पहिला मुक्काम खंबाटकीच्या पलीकडे पडला. तंबू उभा राहिला, वारा आला, आणि कंटाळलेले पाहुणे उठून जावेत तशा माझ्या गुळगुळीत खुंट्या एकेक करून जमिनीतून निघून आल्या. तंबू आमच्या अंगावर. कापडाखालून तिचा शांत आवाज आला, "दागिनं काढून ठिवलं वाटतं." कराडजवळ तेच, कोल्हापूरच्या अलीकडे तेच. तंबू बघून गावची माणसं जमत आणि विचारत, "खेळ कवा हाय?" थोडं थांबलेल्यांना तो फुकट बघायला मिळे. शेवटी एका मळ्यातून कोयता मागून आणून तिनं बाभळीच्या खुंट्या तासल्या, दोरासाठी खाचा पाडल्या, दगडानं ठोकल्या. तंबू हलला नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

आंबा घाटाच्या माथ्यावर पोचलो ते आठव्या दिवशी. क्लच ओढून ओढून माझ्या तळहाताची सालटी निघाली होती, पाठीचा तर विचारच नको. खाली कोकण धुरकट दिसत होतं. समुद्र अजून चाळीस मैल, आणि तो सगळा घाट परत चढून यायचा. चंद्रा साइडकारमध्ये ट्रंक मांडीवर घेऊन खाली बघत होती. मी म्हटलं, "तू फार दमलीस गं. फिरू या मागं. पुढच्या वर्षी येऊ." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हँडलवरच्या हातांकडे पाहिलं. "व्हय," ती म्हणाली, "दमले."

पुढचं वर्ष आलं नाही. फटफटी विकली, पोरं झाली. गोष्ट मात्र मी कँटीनमध्ये, लग्नाघरी, दारी आलेल्या प्रत्येकाला सांगितली. खुंट्यांची फजिती सगळी माझ्या नावावर घ्यायचो. स्वतःला हसून घेण्यात मी उदार. फक्त शेवट तिच्या नावावर... "आणि घाटमाथ्यावर आमची ही दमली." त्या बारांपैकी एक खुंटी चंद्रानं चहाचं आलं ठेचायला ठेवली होती. गोष्टीत हे वाक्य आलं, की स्वयंपाकघरात आलं ठेचणारा एक ठोका जरा जोरात पडायचा. बाहेर चहा घेऊन यायची ती मात्र हसऱ्या तोंडानं. पुढं रत्नागिरीला रोज एसटी जायला लागली. मी कधी म्हटलं नाही, आणि तिनंही पुन्हा मागितलं नाही. समुद्र बघून आलो असतो तर माझी गोष्ट मोडली असती, हे कारण आत्ता लिहिताना फार क्षुद्र दिसतंय.

परवा इस्माईलभाई नातवाचा हात धरून आला. माझ्यासमोर खुर्चीत टेकला. मग तो म्हणाला, "राव, ती तंबूची गोष्ट सांग. भाभीच्या आठवणीनं." मी सुरू केली. खंबाटकी झाली, कराड झालं, दागिने झाले, तो हसलाही. "आणि घाटमाथ्यावर आमची ही..." इथं थांबलो. ठोक्यासाठी थांबायची सवय. आत काही वाजलं नाही.

"भाभी थक गई," त्यानं पुरवलं.

"नाही. मी दमलो होतो."

"मालूम आहे," तो म्हणाला. "गाडी परत आली तेव्हा हँडलचं रबर मीच बदललं. तुझ्या हाताची साल होती त्याला. भाभी म्हणाली, बोलू नका त्यांना काही."

मी चहा ठेवायला उठलो. खुंटी ओट्यावर होती, तिनं ठेवली तिथंच. आलं ठेचताना पहिल्यांदाच ती नीट पाहिली. इतक्या वर्षांत पाट्यावर आपटून तिची सगळी चकाकी गेलीय. अंगावर खड्डे पडलेत, टोक चेपलंय, बोटाला खरखर लागते. आता जमिनीत ठोकली तर बहुतेक निघून येणार नाही.