वैनगंगेवरची गळकी बार्ज

सकाळी साडेसात. लाखांदूर तालुका, वैनगंगेचा घाट. बार्ज नदीच्या मधोमध आणि पलीकडच्या शाळेला निघालेल्या गुरुजींच्या चपला पाण्यात.

“सुखदेवभाऊ, पाणी आत येऊन राहिलं ना!”

“येऊ द्या गुरुजी. त्यालेही पलीकडंच जायचं आहे!”

भंडाऱ्यात बातमीदारी करता करता म्हातारा झालो. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेही लिहिलं. पण या एका बार्जचे जितके किस्से माझ्याकडे साठले, तितके कुठल्या पुढाऱ्याचेही नाहीत! इंग्रजांच्या काळात कालव्याच्या कामावर दगड वाहायला ही सपाट तळाची लोखंडी नाव आणली होती. तिला ओढणारी वाफेची टगबोट केव्हाच भंगारात गेली. आता डिझेलची होडी ओढते आणि दगडांच्या जागी माणसं बसतात. सुखदेव पाटबंधारे खात्याचा रोजंदारी नावाडी. तळ दुरुस्त करा, नाहीतर कोणी मरेल, म्हणून तो भेटेल त्याच्याशी भांडायचा.

उन्हाळ्यात खात्याचे इंजिनिअर आले. बार्ज काठावर ओंडक्यांवर चढवलेली. त्यांनी पेनानं टकटक केलं. “फर्स्ट क्लास!”

आमचे नावाडी कोरड्यावर नाव तपासतात ती आत पाणी भरून. बाहेर जिथं ओल फुटेल, तिथं खडूची खूण. सुखदेवनं बादल्या ओतल्या. थोड्या वेळात तळ खडूनं पांढरा!

इंजिनिअर भडकले. “अरे, नाव पाण्यात असते, पाणी नावेत नाही!”

“आमच्या इथं दोन्ही हाये, साहेब!”

मी बातमी छापली. वरच्या साहेबांचा फोन आला. “ती ऐतिहासिक वस्तू आहे. तिला वेल्डिंग करता येत नाही.”

“मग तिच्यात माणसं कशाला बसवता?”

“माणसं ऐतिहासिक नाहीत ना!”

हसत हसत सांगितलं हो त्यांनी!

पावसाळ्यात ती बुडाली. सुखदेवनं दोर कापला, होडी वळवली आणि एकेकाला दंडाला धरून आत ओढलं. सगळे वाचले. खात्यानं त्यालाच कामावरून काढलं. कारण? दुरुस्त केलेली बार्ज निष्काळजीपणे बुडवली!

चौकशीला मीही जाऊन बसलो.

“दुरुस्त? कधी केली जी?” सुखदेवनं विचारलं.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. तळाला वेल्डिंग केलं, नावाड्यासमक्ष पाण्यात तपासलं, ठीक आढळलं. खाली नावाड्याचा अंगठा.

सुखदेवनं कागद उजेडात धरला. “साहेब, मी बारावी शिकलो. हजेरीवर रोज सही करतो. हा अंगठा कोणाचा?”

साहेबांनी कागद फायलीत घातला आणि चहा मागवला.

सुखदेव अजून कामाबाहेर आहे. अंगठा कोणाचा, ते खात्यानं अजून सांगितलेलं नाही.