घुमटाचं तेलपाणी

"टेकडीवरच्या त्या घुमटाला तेलानं न्हाऊ घालता, आणि घरचं दार बोंबलतंय त्याचं काय?" भाजी परतता परतता बायको नवऱ्यावर घसरली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली आणि नवऱ्याच्या कपातला चहा हिंदकळला.

तो टेकडीवरच्या दुर्बिणीचा मिस्त्री. ती दुर्बीण माणसाविना चालते. आभाळात कुठे लखलखाट झाला, की दुर्बिणीवरचा घुमट आपोआप गर्रकन तिकडे वळतो आणि लखलखाट विझायच्या आत फोटो निघतो. पण मागच्या आठवड्यात थंडीनं चाकांतलं ग्रीस थिजलं, घुमट अडकला आणि लखलखाट हुकला. ग्रीस यानंच भरलेलं. नोकरी गेल्यात जमा, असं धरून काल त्यानं चाकं खरवडून पातळ तेल घातलं होतं.

दार कुरकुरत उघडलं. बाहेर दुर्बिणीच्या मुख्य मॅडम हसत उभ्या होत्या.

"काका, काल रात्री एक तारा फुटला! घुमट असा वळला म्हणून सांगू, अगदी सुरुवातीचा उजेड सापडला."

"यांना आधी खाली बसवा," बायको म्हणाली, "नाहीतर आता हेच गर्रकन फिरतील."

"काका, काय हवं ते मागा."

"रजा मागा," बायकोनं कोपरानं ढोसलं.

तो घुटमळला. "मॅडम, उजेड नको म्हणून रात्री तिथे कुणाला थांबू देत नाहीत. इतकी वर्षं तेलपाणी करतोय, पण तो घुमट रात्री वळताना कधी पाहिला नाही. एक रात्र मला आत अंधारात बसू द्या."