ह्यांच्या उजव्या हातासाठी जुना टीव्ही गेम

आज लासुर्ण्याहून भावानं आमचा जुना टीव्ही गेम एसटीनं पाठवला, भाडं चाळीस रुपये. बारामतीतून दोन मोठी बटणं आणली, साठ रुपये.

अर्धांगवायूनंतर ह्यांच्या उजव्या हातात जोर नाही. व्यायामाला दिलेला चेंडू कंटाळून फेकून देतात. म्हणून पूजा आटोपून गेमचा रिमोट उघडला. एका अनोळखी माणसानं नेटवर फुकट ठेवलेला वायरींच्या जोडणीचा नकाशा बघत मोठी बटणं जोडली.

"देव सोडून वायरींची पूजा मांडलीस व्हय?" हे म्हणाले.

"आधी दाबा तर!"

दाबलं. पडद्यावरचा गडी उडाला नि खड्ड्यात पडला.

"परत लाव," हे म्हणाले. चेंडूला असं कधी म्हणाले नव्हते.

माझ्या जोडणीचा नकाशा मीही नेटवर फुकटच टाकणार आहे. पण बटण अजून जड लागतंय. हलकं कसं करायचं? उद्या रिमोट पुन्हा उघडणार आहे, कुणाला ठाऊक असेल तर त्याआधी इथंच खाली लिहून कळवा.